पाण्याखाली ठावठिकाणा कसा लागतो?

शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेचे 'एन्ड्युरन्स' हे जहाज २१ नोव्हेंबर १९१५ रोजी वेडेल समुद्रात बर्फाच्या दाबाने चिरडून बुडाले. कप्तान फ्रँक वर्स्ली याने तरंगत्या बर्फावर उभे राहून सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजली, क्रोनोमीटरच्या वेळेशी ती ताडून पाहिली आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले. मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली. ५ मार्च २०२२ रोजी 'सेबरटूथ' नावाच्या रोबोला ३००८ मीटर खोलीवर ते जहाज सापडले आणि ते वर्स्लीच्या नोंदीपासून अवघे चार सागरी मैल दक्षिणेला निघाले. वर्स्लीच्या गणिताचे तेव्हा जगभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मला मात्र त्या शोधातला दुसरा प्रश्न अधिक ओढ लावतो. वर्स्लीला निदान सूर्य दिसत होता. बर्फाखाली तीन किलोमीटर खोल, मिट्ट काळोखात फिरणाऱ्या यंत्राने आपला ठावठिकाणा कशावरून काढायचा?

जमिनीवर या प्रश्नाचे उत्तर जीपीएस देते. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे रेडिओसंदेश हवेतून सुखरूप येतात आणि समुद्राच्या पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरांतच संपतात. समुद्राचे पाणी खारट, म्हणून वीजवाहक. रेडिओलहर आत शिरली की पाण्यातले आयन हलू लागतात, लहरीची ऊर्जा त्या हालचालीत खर्ची पडते आणि उष्णता होऊन विरते. लहरीची वारंवारता जितकी जास्त तितका हा ऱ्हास जलद. पाणबुड्यांशी बोलण्यासाठी नौदले म्हणूनच अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी वापरतात. तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ भारतीय नौदलाचे 'आयएनएस कट्टबोम्मन' हे केंद्र त्याच कामासाठी आहे. या लहरीही पाण्यात दहा-वीस मीटर उतरल्या तरी पुष्कळ झाले, आणि त्यांतून थोडासा मजकूरच पाठवता येतो. रोबोला त्याची जागा मीटराच्या हिशेबात सांगणे त्यांच्या आवाक्यातले नाही.

जागा ठरवणाऱ्या तीन मापांपैकी एक मात्र रोबोला सहज मिळते, ते म्हणजे खोली. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. दाब मोजला की खोली कळते आणि कितीही वेळ गेला तरी त्या मोजमापात चूक साठत जात नाही. अडते ते आडव्या पातळीवर. आपण किती पुढे आलो आणि किती बाजूला सरकलो, हे कळायला दुसरी साधने लागतात.

जुन्या खलाशांची रीत म्हणजे दिशा आणि वेग यांवरून कापलेले अंतर मोजत राहणे. रोबोही तेच करतो, फक्त त्याची साधने फार बारीक आहेत. दिशेसाठी प्रकाशतंतूंचे जायरोस्कोप असतात. वेगासाठी डॉपलर लॉग हे उपकरण असते. ते तळाकडे चार तिरक्या दिशांना ध्वनीचे झोत सोडते. तळावर आपटून परतलेल्या ध्वनीच्या वारंवारतेत जो फरक पडतो, त्यावरून रोबो तळाच्या तुलनेत कोणत्या दिशेला किती वेगाने सरकतो आहे हे कळते. चांगल्या प्रतीचा जायरोस्कोप आणि डॉपलर लॉग यांची जोडी कापलेल्या अंतराच्या हजाराव्या भागाइतकीच चूक करते, म्हणजे दहा किलोमीटरला साधारण दहा मीटर. ऐकायला हे उत्तम वाटते. पण अशी जोडी महाग असते. स्वस्त होकायंत्राने दिशेत एका अंशाची गफलत केली, तर दर किलोमीटरला सतरा मीटर वाट चुकते. शिवाय डॉपलर लॉगला तळ 'ऐकू' यावा लागतो. उंच वारंवारतेच्या उपकरणाला तो वीस-तीस मीटरवरून ऐकू येतो, कमी वारंवारतेच्या उपकरणाला शे-दोनशे मीटरवरून. चार किलोमीटर खोल उतरणारा रोबो बराच काळ अधांतरी असतो. त्या वेळात प्रवाह त्याला कुठे वाहून नेतो आहे हे त्याला नीट कळत नाही, आणि तळाशी पोहोचेपर्यंत त्याच्या सुरुवातीच्या जागेबद्दलच शंका उभी राहिलेली असते.

या पद्धतीचा गाभ्यातला दोष असा की तिची चूक वाढतच जाते. हजार पावले बिनचूक टाकली आणि एक चुकले, तर ती चूक पुढच्या प्रत्येक पावलासोबत राहते. ती पुसायला बाहेरून काहीतरी कळावे लागते.

ते बाहेरून सांगण्याचे काम ध्वनी करू शकतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त, आणि तो लांबवर पोहोचतो. समुद्रतळावर ध्वनी-प्रतिसादक ठेवायचे, रोबोने हाक द्यायची, प्रत्येकाचे उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचे आणि तीन-चार अंतरांवरून आपली जागा ठरवायची. हे उत्तम चालते. पण प्रतिसादक तळावर नेमून ठेवणे आणि त्यांच्या जागा आधी पक्क्या मोजणे यात जहाजाचे मोलाचे दिवस जातात. दुसरा मार्ग म्हणजे जहाजानेच वरून ध्वनीची दिशा आणि अंतर मोजून रोबोवर नजर ठेवणे. मग जहाज त्याच्या डोक्यावर अडकून पडते. त्यात पाण्याचे तापमान, क्षारता आणि दाब खोलीनुसार बदलत असल्याने ध्वनीचा वेग बदलतो आणि त्याची वाट वाकते. सहा किलोमीटर खोलीवरून एक प्रश्न आणि त्याचे उत्तर यांतच आठ सेकंद निघून जातात.

बर्फाखाली तर वर येऊन जीपीएस घेण्याची पळवाटही बंद. फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटिश संशोधकांचा 'ऑटोसब २' हा रोबो अंटार्क्टिकातल्या फिम्बुल हिमपट्ट्याखाली गेला आणि परत आला नाही. डोक्यावर शेकडो मीटर जाडीचा बर्फ असताना बिघाड झाला, तर यंत्राला सोडवायला कोणीही जाऊ शकत नाही.

असा रोबो स्वतःच्या बळावर आपली साठलेली चूक कशी दुरुस्त करील? माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म याच प्रश्नात आहे, आणि कॅमेऱ्याचे खरे महत्त्वही इथेच कळते. पाण्याखालच्या कॅमेऱ्याबद्दल आपण बोलतो ते सुंदर चित्रांच्या संदर्भात: प्रवाळ, मासे, बुडालेली जहाजे. पण वाट शोधण्याच्या दृष्टीने कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे एकदा पाहिलेली जागा तो पुन्हा ओळखू शकतो.

शेताची मोजणी पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. मोजणीदार एका दगडापासून निघतो, बांधाबांधाने कोन आणि अंतरे मोजत फिरतो आणि शेवटी त्याच दगडावर येतो. कागदावर शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूवर बसायला हवा. तो बसत नाही, थोडी फट राहते. ती फट म्हणजे वाटेत साठलेली एकूण चूक. ती कळली की नियमाने सगळ्या बांधांवर वाटून टाकता येते आणि पूर्ण नकाशा सुधारतो. पाण्याखालचा रोबो नेमके हेच करतो. तासाभरापूर्वी पाहिलेला खडक पुन्हा दिसला आणि तो तोच आहे हे ओळखले, तर त्या एका ओळखीने मधल्या तासाभराची वाट सरळ होते. रोबोशास्त्रात याला स्लॅम म्हणतात: नकाशा बनवायचा आणि त्याच नकाशात आपली जागाही शोधायची, दोन्ही एकाच वेळी.

मात्र ओळखण्यासाठी आधी दिसावे लागते, आणि पाणी तेच होऊ देत नाही.

१९२१ च्या सप्टेंबरमध्ये चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' या जहाजाने युरोपातून मुंबईला परतत होते. भूमध्य समुद्राची निळाई त्यांच्या डोळ्यांत भरली. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे लॉर्ड रॅले यांचे मत तेव्हा प्रचलित होते. रामन यांच्याजवळ ध्रुवीकरणाचा निकोल प्रिझम होता. त्यातून पाहून त्यांनी पृष्ठभागावरचे परावर्तन वगळले, तरी पाणी निळेच राहिले. जहाज मुंबई बंदरात असतानाच त्यांनी 'नेचर' नियतकालिकाला पत्र लिहिले: पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात. आज आपल्याला या निळाईचे दुसरे आणि मोठे कारणही ठाऊक आहे. पाणी तांबडा प्रकाश गिळते. रोबोच्या कॅमेऱ्याची अडचण या दोन्ही कारणांतून उभी राहते. शोषणाने रंग जातो, विखुरण्याने स्पष्टता जाते.

हिशेब करून पाहू. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश अगदी शुद्ध पाण्यातही दर दोन मीटरला साधारण निम्मा होतो. रोबो तळापासून तीन मीटर उंचीवर आहे असे धरा. खोल समुद्रात सूर्यप्रकाश नाही, म्हणून दिवा रोबोचाच. त्याचा प्रकाश तीन मीटर खाली जाणार आणि तीन मीटर वर येणार, एकूण सहा मीटर. एवढ्यात तांबड्याचा जेमतेम आठवा हिस्सा उरतो. त्याच वाटेवर निळ्याचा बहुतेक भाग शाबूत असतो. उंची दहा मीटर केली तर तांबडा रंग जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय पाण्यात गाळाचे आणि मेलेल्या जीवांचे कण तरंगत असतात. दिवा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी असला तर त्या कणांवरून उलटलेला प्रकाश थेट कॅमेऱ्यात शिरतो आणि चित्रावर पांढुरके धुके पसरते. म्हणून अनुभवी अभियंते दिवा आणि कॅमेरा एकमेकांपासून जमेल तितके लांब बसवतात. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेत हनुमंत सिंग यांच्या गटाने घडवलेल्या 'सीबेड' या रोबोत एकावर एक असे दोन लांबट सांगाडे होते. वर तरंगणारा भाग, खाली जड भाग. यंत्र पाण्यात फारसे डुलायचे नाही, सावकाश चालायचे, आणि दिवा व कॅमेरा यांत ऐसपैस अंतर ठेवता यायचे. रोबोचा आकारच छायाचित्रासाठी ठरवलेला होता.

काचेचाही त्रास आहेच. कॅमेरा दाब सोसणाऱ्या पेटीत, सपाट काचेमागे असतो. पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या तीनचतुर्थांश अंतरावर असल्यासारखी भासते आणि दृश्याचा आवाका आक्रसतो. हवेत जुळवलेला कॅमेरा पाण्यात नेला की त्याची सगळी मोजमापे चुकतात. ही जुळवणी पाण्यातच करावी लागते. सांगायला किरकोळ वाटते, पण घाईत हीच पायरी वगळली जाते आणि मग पुढचे उत्तम गणितही वाया जाते.

एवढ्या जवळून पाहायचे म्हणजे एका वेळी दिसणार किती? तीन मीटर उंचीवरून साधारण अडीच मीटर रुंदीचा पट्टा. एक चौरस किलोमीटर तळ या पट्ट्यांनी झाकायचा तर एकेक किलोमीटर लांबीच्या चारशे फेऱ्या, म्हणजे ४०० किलोमीटर. सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने त्याला नऊ दिवसांहून जास्त वेळ लागेल, तोही पट्टे एकमेकांवर जराही न चढवता. बॅटरी इतकी पुरत नाही. सतत पेटलेला दिवा ती आणखी लवकर संपवतो, म्हणून बहुतेक रोबो दर काही सेकंदांनी एकदा झगझगीत फ्लॅश मारून एकच फोटो घेतात. याचा परिणाम असा की लागोपाठच्या दोन फोटोंत सामायिक भाग थोडाच असतो. रस्त्यावरच्या गाडीला सेकंदाला तीस चित्रे मिळतात. समुद्रतळावरच्या रोबोला त्याच गणितासाठी फार तुटपुंजी सामग्री पुरवून वापरावी लागते.

दोन फोटो एकाच जागेचे आहेत हे यंत्र कसे ओळखते? ते अख्खे चित्र ताडून पाहत नाही. चित्रातले ठळक ठिपके ते शोधते: दगडाचा कोपरा, शिंपल्याची कड, तुटलेल्या पत्र्याचे टोक. प्रत्येक ठिपक्याभोवतीच्या उजेड-अंधाराचे अंकांत वर्णन करते. डेव्हिड लो यांची १९९९ मधली 'सिफ्ट' ही पद्धत या कामात फार गाजली, कारण चित्र फिरले किंवा लहान-मोठे झाले तरी तिचे वर्णन फारसे बदलत नाही. मग दोन फोटोंतली सारखी वर्णने जोडायची. त्यात खोट्या जोड्या निघतातच. म्हणून काही जोड्या यदृच्छेने निवडून त्यांवरून कॅमेऱ्याची हालचाल काढतात आणि उरलेल्या किती जोड्या तिला दुजोरा देतात ते पाहतात. हे पुन्हा पुन्हा करून सर्वाधिक दुजोरा मिळालेली हालचाल स्वीकारतात. एका कॅमेऱ्यावरून दिशा कळते, पण अंतराचे माप कळत नाही, कारण जवळचा लहान दगड आणि लांबचा मोठा दगड चित्रात सारखेच दिसू शकतात. ते माप डॉपलर लॉग आणि दाबमापक पुरवतात. पाण्याखाली एकटा डोळा अपुरा आहे, हे इथे स्पष्ट होते.

जमिनीवर नसलेली एक अडचण इथे येते. दिवा रोबोसोबत फिरतो, त्यामुळे सावल्याही फिरतात. उत्तरेकडून येताना दगडाची सावली एका बाजूला पडते, दक्षिणेकडून येताना दुसऱ्या. दगड तोच, चित्र मात्र वेगळे. म्हणूनच परतीच्या वाटेवर जुनी जागा ओळखणे अवघड जाते, आणि गरज तर नेमकी तिथेच असते.

हे सगळे एकत्र जमून येते ते 'टायटॅनिक'वर. सुमारे ३८०० मीटर खोलीवरचे हे जहाज १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या पथकाला सापडले. तेव्हा कॅमेरे लावलेला 'आर्गो' हा सांगाडा संशोधकांच्या जहाजामागे ओढला जात होता. २००४ मध्ये बॅलार्ड पुन्हा तिथे गेले, तेव्हा 'हर्क्युलिस' हा केबलने जोडलेला रोबो बुडालेल्या जहाजावरून फिरला. त्याने घेतलेल्या फोटोंवरून रायन युस्टिस, हनुमंत सिंग, जॉन लेनर्ड, मॅथ्यू वॉल्टर आणि बॅलार्ड यांनी पुढच्या वर्षी एक शोधनिबंध सादर केला. सुमारे ८६६ फोटो, तीन किलोमीटरहून लांब वाट आणि ३१०० चौरस मीटरचा परिसर एवढ्या सामग्रीवर त्यांनी रोबोची वाट पुन्हा बांधली.

या कामाचे मोल त्यातल्या गणितात आहे. साध्या पद्धतीत रोबोला प्रत्येक खुणेचा इतर प्रत्येक खुणेशी असलेला संबंध सांभाळावा लागतो. खुणा दुप्पट झाल्या की हिशेब चौपट होतो आणि काही शेकड्यांतच संगणक दमतो. युस्टिस आणि सहकाऱ्यांनी खुणा सोडून रोबोची जुनी स्थानेच नोंदवून ठेवली. मग प्रत्येक स्थानाचा थेट संबंध मोजक्याच स्थानांशी उरतो: त्याच्या लगेच आधीचे, लगेच नंतरचे आणि ज्यांच्याशी फोटो जुळला ती. हिशेबाच्या तक्त्यात बाकीच्या सगळ्या जागी शून्य, आणि शून्याला मेहनत लागत नाही. काहीही न गमावता हिशेब हलका झाला. गणितात असे क्वचित घडते, आणि घडते तेव्हा मला त्याचा निर्भेळ आनंद होतो.

जुळणी न होणे हे फार मोठे संकट नाही. रोबो मोजत पुढे जात राहतो. खोटी जुळणी मात्र घातक असते. दोन वेगळ्या जागा एकच समजल्या, तर गणित सगळी वाट ओढून-ताणून त्या खोट्या गाठीवर आणते आणि चांगला नकाशाही बिघडवते. वाळूच्या लहरींचा तळ यासाठी कुप्रसिद्ध आहे. शंभर मीटरवरची लहर आणि इथली लहर हुबेहूब सारखी. म्हणून रोबोने संशयी असलेले बरे. आपली जागा किती नक्की आहे याचाही अंदाज त्याने बाळगावा आणि त्या अंदाजाच्या वर्तुळाबाहेरचे साम्य कितीही मोहक दिसले तरी नाकारावे.

अलीकडे पाण्याखालचे फोटो सुधारणाऱ्या संगणक-कार्यक्रमांचे पेव फुटले आहे. त्यांतल्या बऱ्याच कार्यक्रमांनी धुके हटवण्याची जमिनीवरची सूत्रे उचलून पाण्याला लावली होती. २०१९ मध्ये देर्या अक्काइनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी 'सी-थ्रू' ही पद्धत मांडताना दाखवले की पाण्यात वस्तूकडून येणारा प्रकाश ज्या दराने मावळतो आणि मधल्या पाण्याचा धुकट प्रकाश ज्या दराने वाढतो, ते दर वेगळे आहेत, आणि वस्तूचे अंतर माहीत असल्याशिवाय खरा रंग परत मिळत नाही. जीवशास्त्रज्ञाला प्रवाळ जिवंत आहे की पांढरा पडला हे रंगावरून ठरवायचे असते, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. वाट शोधण्यासाठी मात्र मी सुंदर चित्राला फार किंमत देणार नाही. डोळ्याला सुखावणारे चित्र जुळणीला नेहमीच मदत करते असे नाही; भडक केलेल्या चित्रात खोटे ठिपकेही उठून दिसतात.

काही रोबोंना जागेबरोबर वस्तूही ओळखावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर काटेरी मुकुटाचा तारामासा प्रवाळ खात सुटतो. पाणबुडे त्याला सुईने विष टोचून मारत, पण पूर्वी एकाच प्राण्याला अनेक ठिकाणी टोचावे लागे. पित्तक्षारांचे एकच इंजेक्शन पुरते हे जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले आणि मग हे काम यंत्राच्या हाती देण्याजोगे झाले. क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात मॅथ्यू डनबाबिन यांच्या गटाने २०१५ मध्ये 'कॉट्सबॉट' आणि २०१८ मध्ये 'रेंजरबॉट' आणला. हजारो फोटोंवर शिकवलेला संगणक तारामासा ओळखतो. रेंजरबॉट वाटही मुख्यतः कॅमेऱ्यांवरच शोधतो, महागड्या ध्वनियंत्रांवर नाही. उथळ आणि नितळ पाण्यात हे जमते, आणि त्यामुळे रोबो स्वस्त होतो.

अगदी उलट टोकाला 'ऑर्फियस' आहे. वुड्स होल संस्था आणि नासाची जेट प्रोपल्शन प्रयोगशाळा यांनी मिळून घडवलेला हा लहान रोबो समुद्राच्या सर्वांत खोल दऱ्यांसाठी आहे. खालच्या भूभागाची चित्रे पाहून आपली जागा काढण्याचे जे तंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये 'पर्सिव्हिअरन्स'ला मंगळावर उतरताना कामी आले, त्याच घराण्यातले तंत्र ऑर्फियसमध्ये आहे. मंगळावरही जीपीएस नाही, त्यामुळे दोन्ही यंत्रांचा प्रश्न एकच ठरतो.

आपल्याकडे गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हा २०० मीटरपर्यंत जाणारा छोटा रोबो पूर्वीच घडवला आणि पुढे प्रवाळांच्या पाहणीसाठी 'सी-बॉट' आणला. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचा 'ओशन मिनरल एक्सप्लोरर' सहा हजार मीटरसाठी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी महासागरात सुमारे ४५०० मीटर खोलीवरच्या उष्णजल विवराची छायाचित्रे त्याने आणली. मध्य हिंदी महासागरात खनिज गोट्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. तिथला तळ म्हणजे सपाट गाळावर विखुरलेले, एकमेकांसारखेच दिसणारे बटाट्याएवढे गोटे. फोटो जुळवणाऱ्या गणिताची याहून कठीण परीक्षा क्वचितच मिळेल. आणि मुंबईत पवईला आयआयटीचे विद्यार्थी 'मत्स्य' नावाचा रोबो वर्षानुवर्षे घडवत आले आहेत. अमेरिकेतल्या 'रोबोसब' स्पर्धेत अशा रोबोला कोणीही न चालवता कमानीतून जावे लागते, रंगीत खुणा ओळखाव्या लागतात, पाण्यात टिकटिकणाऱ्या ध्वनियंत्राचा माग काढावा लागतो. उथळ पाण्यात सूर्यप्रकाशाची थरथरती जाळी तळावर नाचते आणि स्थिर तळही हलल्याचा भास कॅमेऱ्याला होतो. तरुणांनी हा विषय हाताने शिकण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

कोकणच्या किनाऱ्याला अशा यंत्रांची गरज आहे. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे आंग्रिया बँक हे पाण्याखालचे पठार आहे आणि त्यावरही प्रवाळ आहे. पाणबुड्या माणसाला तिथे एका दमात थोडा वेळच काम करता येते. रोबो त्याच ओळीवरून दरवर्षी जाऊ शकतो, मात्र गेल्या वर्षीची ओळ त्याला बरोबर सापडली पाहिजे. किनाऱ्याजवळचे आपले पाणी पावसाळ्यात आणि नंतरही गढूळ असते. ग्रेट बॅरियर रीफच्या नितळ फोटोंवर शिकलेला संगणक मालवणच्या पाण्यात चाचपडेल. कॅमेऱ्याला सोनारची जोड द्यावी लागेल, आणि त्याला शिकवायला फोटो लागतील ते इथल्याच पाण्याचे, इथल्याच प्रवाळांचे आणि माशांचे, जाणकाराने प्रत्येकावर नाव लिहिलेले. हे काम प्रयोगशाळेबाहेरही होऊ शकते. मालवणला पाण्यात उतरणारे पाणबुडे आहेत, कोकणातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांनी तारीख, जागा आणि खोली लिहून फोटो जमवायला आजपासून सुरुवात करावी आणि संशोधन संस्थांनी ते जपून सर्वांसाठी खुले ठेवावेत.